मदत हवी आहे: मॅकबुकवर अ‍ॅमिब्रोकर, चार्ट कोरा येतोय, सोमवारच्या आत हवं

कॅन्डलवाला | शुक्रवार, दुपारी ३:४२

नमस्कार मंडळी. जुना पीसी गेला. मॅकवर विंडोज टाकलं, त्यात शेअरचे चार्ट काढणारं अ‍ॅमिब्रोकर टाकलं. उघडतंय, मेन्यू चालतायत, पण चार्ट कोरा. आज अख्खा दिवस मोबाइलवर काढला, दोनदा चुकीच्या स्ट्राइकवर (ऑप्शनच्या ठरलेल्या भावावर) बोट पडलं. सोमवारी ९ च्या आत चालू व्हायलाच हवं. मॅकमध्ये नक्की कुठलं सेटिंग बदलायचं तेवढं सांगा. "गूगल करा" म्हणू नका, तीन दिवस तेच करतोय.

शून्य_किलोबाइट | दुपारी ३:५५

कुठला मॅक? विंडोज कशाने टाकलंत? डेटा कुठून घेता?

कॅन्डलवाला | दुपारी ३:५८

मॅकबुक एअर. साधा, सिल्व्हर रंगाचा. डेटा नेहमीचाच.

शून्य_किलोबाइट | दुपारी ४:०३

अहो रंग नको. वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारा, पहिलीच ओळ "अबाउट धिस मॅक". त्यात "चिप" समोर काय लिहिलंय आणि "मेमरी" समोर काय, ते सांगा. आणि "नेहमीचाच" म्हणजे तुमचा नेहमीचा. आम्हाला कसा कळणार?

पेंग्विनराव | दुपारी ४:१०

विंडोज टाकलंत तिथंच गाडी रुळावरून घसरली. मॅक एम १ किंवा एम २ असेल तर त्यावर असाही लिनक्स (मॅकच्या चिपवर चालणारं लिनक्स) टाका. नावातच सगळं आलं, असाही चालतो आणि तसाही चालतो. त्यावर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं), वाइनमध्ये अ‍ॅमिब्रोकर. मी गेली कित्येक वर्षं विंडोजला हात लावलेला नाही.

शून्य_किलोबाइट | दुपारी ४:१६

राव, वाइन विंडोजच्या हाका समजून घेतं, चिपची भाषा बदलून देत नाही. अ‍ॅमिब्रोकर इंटेलच्या भाषेत लिहिलेलं, मॅकची चिप एआरएम. तुमच्या वाटेने मधे आणखी एक दुभाषा बसवावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी नवख्या माणसाला डिस्कची फाळणी करायला लावू नका.

कॅन्डलवाला | दुपारी ४:३१

अ‍ॅपल एम २, ८ जीबी. विंडोज ११ यूटीएम नावाच्या, मॅकच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या फुकट अ‍ॅपमध्ये टाकलंय, यूट्यूबवर बघून. फाळणी वगैरे शक्यच नाही. मॅक हिचा आहे. ही घरून डिझाइनचं काम करते, सोमवारी १० ला तिची क्लायंटबरोबर मीटिंग आहे आणि मी त्यात विंडोज टाकलंय हे तिला अजून नीट कळलेलं नाही.

टिपटॉप | दुपारी ४:४०

हाहा. मग डेटा येण्याची काळजी सोडा, तुम्हाला घरात कोण येऊ देतंय ते बघा.

बोरूबहाद्दर | दुपारी ४:५८

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. देवाने पीसी बुडवून इशारा दिलाय तो घ्या. इंडेक्स फंडात एसआयपी लावा.

कॅन्डलवाला | सायंकाळी ५:०२

साहेब, प्रश्न चार्टचा आहे.

जुना जॉबर | सायंकाळी ५:२०

आमच्या वेळी चार्टच नव्हता. रिंगमध्ये उभं राहून ओरडायचं, बोटांनी भाव दाखवायचा, सौदा पॅडवर पेन्सिलीने टिपायचा. १९९५ च्या मार्चमध्ये बोल्ट (बीएसईची संगणकावर सौदे करायची यंत्रणा) आला आणि ओरडणारे सगळे हळूहळू पडद्यासमोर बसले. तिकडे एनएसईवाल्यांचं सगळं उपग्रहावरून, ब्रोकरच्या गच्चीवर व्हीसॅटची तबकडी. जोराचा पाऊस लागला की सिग्नल जायचा आणि पोरगा छत्री घेऊन गच्चीवर, जणू तबकडीवर छत्री धरली की लिंक येणार. हमाम स्ट्रीटवर चहा पिता पिता आम्ही हसायचो. तुमचा पीसी कशाने गेला?

कॅन्डलवाला | सायंकाळी ५:२६

पावसानेच काका. डोंबिवलीत गॅलरी बंद करून तिथं टेबल ठेवलंय. मंगळवारच्या पावसात खिडकीच्या पट्टीतून पाणी थेट कॅबिनेटवर. मदरबोर्ड गेला. पण आता डेटाचं बोला कोणीतरी.

क्लाउडकाका | सायंकाळी ५:४१

घरच्या मशीनवर ट्रेडिंग करणंच चूक. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये विंडोजचा सर्व्हर भाड्याने घ्या, मॅकवरून रिमोटने जोडा. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप मॅकवर मिळतं, आता त्याचं नाव "विंडोज अ‍ॅप" केलंय. वीज जाऊ दे, वायफाय जाऊ दे, सर्व्हर चालू. शिवाय एपीआयमधून (म्हणजे प्रोग्राममधून थेट ब्रोकरकडे) ऑर्डर टाकत असाल तर सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकापासून ब्रोकरकडे स्थिर आयपी नोंदवायची भानगड आहे, तीही तिथे सुटते.

शून्य_किलोबाइट | सायंकाळी ५:५०

सल्ला बरा आहे, पण चार्ट कोरा का येतोय ते न कळता सर्व्हर घेतला तर तिथेही कोराच येईल. कॅन्डलवाला, मला वाटतं यूटीएमचाच घोळ आहे. यूटीएमसारखंच व्हीएमवेअर फ्यूजन २०२४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांना फुकट झालंय, ते टाकून बघा. पैसे खर्चायची तयारी असेल तर पॅरलल्स, एम चिपवर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यता त्याला २०२३ मध्येच मिळाली.

पेंग्विनराव | सायंकाळी ५:५३

बघा, शेवटी पैशांवर आलेच. क्रॉसओव्हर पण वाइनच आहे, नुसतं पॅकिंग करून विकतात. आणि मॅकवर ते रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्राम मॅकच्या चिपवर चालवणाऱ्या दुभाष्याच्या) जिवावर चालतं. अ‍ॅपलने सांगितलंय की मॅकओएस २७ नंतर रोझेटा गुंडाळत आणणार. मग काय करणार?

टिपटॉप | सायंकाळी ६:०४

क्रॉसओव्हरचं नाव तुमच्याशिवाय कोणी काढलं?

सानपाड्याची सई | रात्री ९:१२

ऑफिसातून आत्ता आले, पूर्ण धागा वाचला. कॅन्डलवाला, काहीही नवीन टाकू नका, विंडोज पण काढू नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

अ‍ॅमिब्रोकरच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट असते. त्यात हिरवा "ओके", पिवळा "वेट", लाल "ईआरआर" की काहीच नाही? मग फाइल मेन्यूतून डेटाबेस सेटिंग्ज उघडा, "डेटा सोर्स" च्या यादीत तुमच्या डेटावाल्याचं नाव आहे का? आणि टूल्स मेन्यूत प्लगिन्स, तिथं त्याचं नाव आहे का?

कॅन्डलवाला | रात्री ९:४०

ताई, चौकटीत काहीच रंग नाही. डेटा सोर्समध्ये "लोकल" आणि बाकी भलतीच नावं, माझ्यावाल्याचं नाही. प्लगिन्सच्या यादीत पण नाही. पण त्याची डीएलएल फाइल (प्लगिन म्हणजे तीच) मी स्वतः प्लगिन्स फोल्डरमध्ये टाकली, डोळ्यांनी दिसतेय. एम २ ला ती वाचता येत नसेल ना?

सानपाड्याची सई | रात्री ९:४८

चिपचा दोष मला वाटत नाही. एआरएमवरचं विंडोज ११ इंटेलचे प्रोग्राम स्वतः भाषांतर करून चालवतं, ३२ बिटचे पण आणि ६४ बिटचे पण. ते भाषांतर चाललंय म्हणूनच तुमचे मेन्यू उघडतायत. आता सांगा, अ‍ॅमिब्रोकर कुठल्या फोल्डरमध्ये बसलंय? सी ड्राइव्हवर नुसतं "प्रोग्राम फाइल्स" की पुढे कंसात "एक्स ८६"?

कॅन्डलवाला | रात्री ९:५१

नुसतं प्रोग्राम फाइल्स. ६४ बिटचं टाकलंय, नवीन मशीन म्हणून नवीनच टाकलं.

सानपाड्याची सई | रात्री ९:५५

आणि जुन्या पीसीवर?

कॅन्डलवाला | रात्री १०:०२

तिथे एक्स ८६ होतं बहुतेक. डीएलएल जुन्या हार्ड डिस्कवरूनच उचललीय, डिस्क वाचली होती.

सानपाड्याची सई | रात्री १०:०८

मग सापडलं. तुमची डीएलएल ३२ बिटची, अ‍ॅमिब्रोकर ६४ बिटचं. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटची डीएलएल पोटात घेतच नाही. तक्रारही करत नाही, गुपचूप सोडून देतो, म्हणून तर तुम्हाला एरर दिसली नाही. नवाकोरा इंटेलचा पीसी आणला असतात तरी हेच झालं असतं. दोन वाटा: डेटावाल्याकडून ६४ बिटचं प्लगिन मागा, किंवा अ‍ॅमिब्रोकर ३२ बिटचं टाका. तुमची एएफएल (चार्टवर सिग्नल शोधणारा तुमचा फॉर्म्युला) ऑर्डर टाकायला दुसरी कुठली डीएलएल वापरत असेल तर दुसरी वाट बरी, नाहीतर ती पण अडेल.

शून्य_किलोबाइट | रात्री १०:१५

च्यायला. मी दिवसभर यूटीएमला शिव्या घालत बसलो. मानलं ताई.

पेंग्विनराव | रात्री १०:२१

३२ बिट अजून वापरतात लोक, हाच विंडोजचा...

कॅन्डलवाला | शनिवार, रात्री ११:३७

३२ बिट टाकलं. हिरवा ओके आला!!! बॅकफिल (मागचा डेटा) पण आलं, कॅन्डल दिसल्या. डेटावाल्याच्या हेल्पलाइनवर सकाळी फोन केला होता, मॅक म्हटल्याबरोबर त्यांनी "सपोर्ट नाही" म्हणून ठेवला. बिटचा ब पण काढला नाही. सई ताई, खूप खूप आभार. सोमवारी कळवतो.

कॅन्डलवाला | सोमवार, सकाळी ९:२१

अर्जंट!! डेटा येतोय पण कॅन्डल कालच्या रात्री ८:४५ पासून दिसतायत. काल रविवार होता! माझी एएफएल ९:१५ ची, बाजार उघडतानाची रेंज शोधते, तिला ९:१५ सापडतच नाही, सिग्नल शून्य.

टिपटॉप | सकाळी ९:२३

रविवारी रात्री मुहूर्ताचे सौदे?

क्लाउडकाका | सकाळी ९:२४

म्हणून म्हणत होतो सर्व्हर घ्या.

सानपाड्याची सई | सकाळी ९:२६

लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. मॅकच्या घड्याळाकडे बघू नका, विंडोजच्या आतल्या बघा. टाइम झोन काय आहे? साडेबारा तासांचा फरक आहे, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा. विंडोज टाकताना देश बदलला नाहीत की तो पॅसिफिक धरून बसतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला पर्याय निवडा. मग अ‍ॅमिब्रोकर बंद करून परत उघडा, बॅकफिल परत घ्या.

कॅन्डलवाला | सकाळी ९:३८

झालं!!! ९:१५ दिसतंय. शनिवारी बॅकफिल आलं तेव्हा पण शुक्रवारच्या कॅन्डल गुरुवारी रात्रीच असणार, आनंदात वेळ बघितलीच नाही मी.

जुना जॉबर | सकाळी ९:४४

शाब्बास पोरी. सई, तू कुठल्या ब्रोकरकडे आहेस?

सानपाड्याची सई | सकाळी ९:५२

काका, मी बँकेत आहे, आयटीत. ट्रेडिंग करत नाही, बोरूबहाद्दरांचे ९३ टक्के वाचून धीरच होत नाही. कॅन्डलवाला, एक मात्र पक्कं करा. झाकण मिटलं की मॅक झोपतो आणि आतलं विंडोजही झोपतं. तुमचा स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) फक्त एएफएलमध्ये असेल तर तोही झोपला म्हणायचा. ऑर्डर गेल्याबरोबर स्टॉपलॉसची ऑर्डर एक्स्चेंजवर जाऊन बसली पाहिजे, तुमच्या मशीनवर नको. आणि एअरला पंखा नसतो. ८ जीबीतले ४ विंडोजला दिलेत आणि बाजूला मॅकवर डिझाइनचं काम चाललंय, तर दुपारपर्यंत तापून मंद होईल.

कॅन्डलवाला | सकाळी ९:५६

डिझाइनचं काम बाजूला नाही चाललेलं, ही मागे उभी आहे आणि लॅपटॉप मागतेय. १० ची मीटिंग. एक पोझिशन उघडी आहे. काय करू?

शून्य_किलोबाइट | सकाळी ९:५७

स्टॉपलॉस मोबाइलवरून टाका, यूटीएममधलं विंडोज नीट शट डाउन करा, लॅपटॉप द्या. आत्ता लगेच.

कॅन्डलवाला | सकाळी ११:२०

दिला. स्टॉपलॉस लागला, थोडक्यात सुटलो. वहिनींचा (म्हणजे हिचा, तुमच्या वहिनींचा) निरोप आहे की उद्यापासून तिच्या मॅकला हात लावायचा नाही. तर आता प्रश्न बदलतो: कमी पैशांत विंडोजचं मशीन कुठे मिळेल? अ‍ॅमिब्रोकर आणि ब्राउझर एवढंच चालवायचंय.

पेंग्विनराव | सकाळी ११:२४

जुनं मशीन घेताय तर त्यावर लिनक्स

टिपटॉप | सकाळी ११:२५

नाही.

शून्य_किलोबाइट | सकाळी ११:३३

लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात, पुस्तकाएवढे, भिंतीवर टांगता येतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघा. विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच प्रोसेसर घ्या, म्हणजे इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दुकानदार तेच गळ्यात मारायला बघेल. दुकानातच चालू करून बघा, नुसत्या खोक्याकडे बघून पैसे देऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी जा.

जुना जॉबर | सकाळी ११:४०

आणि गॅलरीत ठेवू नका.