शाल्केला गाझप्रोमनं बुडवलं, हे पटत नाही

निळा सदरा
बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगच्या धाग्यावर काल एकानं लिहिलं, "शाल्के हा खाणकामगारांचा साधाभोळा क्लब. २००७ मध्ये गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीचा पैसा आला आणि तिथून नासला." हे वाचून डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

साधाभोळा कधी होता? १९३० मध्ये खेळाडूंना नियमापेक्षा जास्त पैसे दिले म्हणून जवळजवळ अख्ख्या पहिल्या संघावर बंदी आली. हिशेब सांभाळणाऱ्या विली निअर यांनी कालव्यात जीव दिला. पुढच्या वर्षी बंदी उठल्यावर फोर्टुना ड्युसेलडॉर्फविरुद्धच्या सामन्याला ७०,००० लोक लोटले. १९७१ मध्ये बीलेफेल्डच्या क्लबला सामना ०-१ नं विकला आणि वर कोर्टात शपथेवर खोटं सांगितलं. क्लबचे व्यवस्थापक आसाउअर यांच्या काळात पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर लंडनहून कर्ज उचललं. तेव्हा गाझप्रोम कुठे होतं? उद्याचा पैसा आज उडवायची खोड जुनीच आहे.

कोळशाची धूळ
ती ओळ माझी. १९३० आणि १९७१ एकाच पंक्तीला बसवता, हा अन्याय आहे. खाणीतल्या पोरांना चार मार्क जादा दिले, तर तो गुन्हा? कामगार जिंकतात हे वरच्यांना बघवत नव्हतं. १९७१ ला लाच खाल्ली, ते वेगळं. आणि गाझप्रोम त्याहून वेगळं. क्लबच्या छातीवर परक्या सरकारी कंपनीचं नाव १५ वर्षं होतं. ते उतरवायला २०२२ चं युक्रेन युद्ध व्हावं लागलं!

बोखुमकर
मी इथेच, शाल्केच्या शेजारच्या बोखुम शहरात राहतो. आमचे घरमालक जन्मभर खाणीत होते, पक्के शाल्केवाले. २०२१ मध्ये संघ दुसऱ्या लीगमध्ये खाली गेला, त्या रात्री ते गाझप्रोमला नाही, संचालकांना शिव्या देत होते. सलग ३० सामने विजय नाही, टास्मानिया बर्लिन क्लबच्या ३१ च्या विक्रमाला एकच कमी. करोनात स्टेडियम रिकामं झालं आणि वीस कोटी युरोंच्या वरचं कर्ज उघड्यावर आलं. रशियाचे पैसे येत असताना हे कर्ज झालंच कसं, याचं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही.

आकडेमोड
मुळात एवढं रडायचं कशाला? जर्मनीची सात विजेतेपदं सांगतात, त्यातली सहा १९३४ ते १९४२ मधली. नाझी काळातली. ती धरायचीच कशाला? १९६३ ला सुरू झालेली बुंडेसलीगा एकदाही नाही.

कोळशाची धूळ
तेव्हाचे आमचे खेळाडू शेपान आणि कुझोरा, त्यांचा तो छोट्या पासांचा खेळ हिटलरनं शिकवला होता का? १९३९ च्या अंतिम सामन्यात आडमिरा व्हिएन्नाला ९-० हरवलं, कालविट्झकीचे एकट्याचे पाच गोल. ते गोल पुसायचे?

आकडेमोड
गोल राहू द्या, शेपानचं बोला. शाल्केच्या बाजारचौकातलं ज्यू मालकांचं कापड दुकान १९३८ मध्ये त्यानं पदरात पाडून घेतलं. मूळ मालकांना पुढे नाझींनी लाटव्हियातल्या रीगाला नेऊन मारलं. तुमचा कामगारांचा हिरो तो हा.

निळा सदरा
धागा पैशावर आहे, शेपानवर नाही.

बोखुमकर
असू दे, हा विषय झालाच पाहिजे. माझा मुलगा इथल्या शाळेत हाच इतिहास शिकतो. त्यानं मला विचारलं होतं, "बाबा, मग त्याचं नाव आपण टाळ्या वाजवून का घ्यायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

कोळशाची धूळ
दुकानाचं मान्य. नाइलाजानं मान्य, कारण कागद आहेत. पण एका माणसाच्या पापासाठी स्टँडमधल्या हजारो खाणकामगारांना नाझी ठरवू नका. राजवटीचा लाडका क्लब म्हणता, तर १९४१ चा अंतिम सामना बघा. ३-० पुढे असून रापिड व्हिएन्नाकडून ३-४ हरले. रापिडच्या बिंडरनं तीन गोल मारले. लाडक्यांना असं हरू देतात?

आकडेमोड
सामना मॅनेज झाला नाही, एवढंच यातून कळतं. राजवटीला क्लबचा उपयोग होता आणि क्लबला राजवटीचा. खाणकामगारांना मी नाझी कुठे म्हटलं? माझा शब्द दाखवा, नाहीतर मागे घ्या.

निळा सदरा
दोघांनी आवाज खाली घ्या. २००१ मध्ये अरेनाजवळच्या, म्हणजे क्लबच्या स्टेडियमजवळच्या रस्त्याला शेपानचं नाव द्यायचं घाटत होतं. दुकानाची गोष्ट पुढे आली आणि बेत सोडावा लागला. ते योग्यच झालं. पण विजेतेपदं राहायला हवीत, कारण ती अकरा जणांची होती.

कोळशाची धूळ
शब्द मागे घेतो, आकडेमोड. विजेतेपदांवर मात्र एक इंच मागे हटणार नाही.

आकडेमोड
मग त्या सहांच्या पुढे साल ठळक लिहा. तेवढं केलंत, तर माझी हरकत नाही.