22 जूनला वडिलांना न्यायचं कुठं: आर्लिंग्टन की अझ्टेका?

मंगळवारपेठी

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बहीण डॅलसजवळ असते. तिच्या बाळंतपणाला आई-वडील गेले होते, त्यामुळं अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा त्यांच्या पासपोर्टवर आहे, माझाही झालाय. यंदा जूनमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपच्या निमित्तानं वडिलांना घेऊन जायचं चाललंय. वय 71. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीमकडून लेफ्ट आऊट खेळलेले. पाटाकडील-खंडोबा मॅच असली की शाहू स्टेडियमवर त्यांची जागा अजून ठरलेली. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे, तोंड मात्र ठणठणीत.

गोची अशी की, 22 जून 1986 ला मॅराडोनानं इंग्लंडला ते दोन गोल मारले, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर. एक हातानं, एक निम्मं मैदान कापत जाऊन. तिथं दुपारी बाराला सुरू झालेली मॅच, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. गल्लीत एकच शटरचा टीव्ही, खोलीत मावेना एवढी माणसं, पोरं खिडकीच्या गजाला लोंबकळलेली. दोन गोलांत अंतर चारच मिनिटांचं. वडील म्हणतात, दोन्ही गोल डोळ्यांनी बघितले. त्यांचे दोस्त म्हणतात, पहिल्या गोलनंतर लाइट गेली, आली तेव्हा मॅराडोनाला सगळे मिठ्या मारत होते. यावरनं कट्ट्यावर अजून भांडणं होतात.

यंदा 22 जूनला त्याला बरोबर 40 वर्षं होतात. आणि त्याच दिवशी दुपारी बाराला अर्जेंटिना-ऑस्ट्रिया आहे, डॅलसच्या शेजारी आर्लिंग्टनला! बहीण म्हणते इथंच बघा, वर छत, आत एसी, रात्री घरचं जेवण. मी म्हणतोय अझ्टेका. तिथं त्या दिवशी मॅच नाही, पण जागा तीच आहे ना. तिकीट अजून कुठलंच हातात नाही. वडील दोघांचं ऐकून घेतात आणि 'बघू' म्हणतात. असल्या गर्दीत कुणी म्हातारं माणूस नेलंय का?

दोहावाला

मी 2022 च्या वर्ल्ड कपवेळी दोह्यात नोकरीला होतो, सासरे कोल्हापुरातनं आले होते. आठही स्टेडियम एका शहराच्या आसपास, हय्या कार्डावर (प्रेक्षकांचं ओळखपत्र) मेट्रो फुकट, त्यामुळं प्रवास सोपा वाटेल. पण खरं काम चालण्याचं. मॅच सुटली की मेट्रोत शिरायलाच लांबलचक वळसे घेत फिरवायचे. सासरे दुसऱ्या दिवशी गादीवरनं उठले नाहीत.

फायनल आम्ही अल बिद्दा पार्कात पडद्यावर बघितली. 3-3 झालं, मग पेनल्टी. शेजारी एक अर्जेंटिनाचा म्हातारा ढोल बडवत होता, सासऱ्यांनी त्याच्याकडनं काठी मागून घेतली आणि हलगीचा ठेका धरला. फायनलच्या लुसैल स्टेडियममधली खुर्ची मिळाली नाही याचं त्यांनी परत नावही काढलं नाही. तिकीट नसलं तरी जावा, एवढंच सांगतो. आणि तिकीट काढलंच तर फिफाच्या स्वतःच्या साइटवरनं. व्हॉट्सअॅपवर 'भावा, दोन आहेत' म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

आर्लिंग्टनला मात्र गाडीशिवाय हाल आहेत, त्या गावाला नेहमीची बस-मेट्रो नाहीच. मॅचच्या दिवशी काय सोय आहे ते बहिणीला आधीच बघायला सांगा. जूनचं ऊन तिथं आपल्या एप्रिलसारखं असतंय.

फौंड्रीवाला

कास्टिंगच्या गिऱ्हाइकांसाठी मी मेक्सिकोला पाच-सहा वेळा गेलोय, म्हणून अझ्टेकाचं सांगतो.

व्हिसाची काळजी नको. चालू असलेला अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. डॅलसमधनं विमान अडीच-तीन तास.

काळजी हवेची. महाबळेश्वर 1,372 मीटरवर, मेक्सिको सिटी 2,240 वर. पहिल्या दिवशी मी हॉटेलचा एक जिना चढलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो, तेव्हा माझं वय 44. बीपी आहे म्हणताय, तर डॉक्टरांना विचारूनच निघा, आणि पहिला दिवस नुसता बसून घालवा. दुपारनंतर पाऊस येतो, छत्री ठेवा.

स्टेडियमला मेट्रोच्या 2 नंबर लाइननं शेवटच्या तास्केन्या स्टेशनपर्यंत जायचं, तिथनं छोटी ट्रेन अगदी दारात सोडते. पण वर्ल्ड कप चालू असताना बिनतिकीट कुणी आत सोडेल ही आशा सोडा. कुंपणाबाहेरनं बघायची तयारी असेल तरच जावा.

जेवणाचं मात्र वडिलांना परकं वाटणार नाही. स्टेशनबाहेर बायका तवा मांडून बसतात. निळसर मक्याचं पीठ हातावर घेतात, आत घेवड्याचं सारण भरतात आणि दोन्ही तळहातांनी थापत लांबट करतात, थेट आपल्या भाकरीसारखा थप-थप आवाज. वर निवडुंगाची भाजी आणि हिरवी चटणी. त्याला त्लाकोयो म्हणतात. चटणी 'तिखट नाही' असं त्या हसत सांगतात, ते खरं मानू नका. मी खरड्यावर वाढलेला माणूस, तरी नाक पुसत होतो.

माझं मत विचाराल तर 22 ला आर्लिंग्टन, 23 ला विमान. 24 ला अझ्टेकावर खुद्द मेक्सिकोचीच मॅच आहे, शहर पेटलेलं असेल. सोकालो चौकात फुकट पडदा असतो, पण वडिलांना कडेकडेनं न्या.

गंगावेस

आम्ही ब्राझीलवाले. त्याच अझ्टेकावर 1970 ची फायनल ब्राझीलनं इटलीला 4-1 नं हरवून जिंकली, पेलेनं. काकांना सांगा, नमस्कार करायचा तर आधी त्याला.

मंगळवारपेठी

सगळ्यांचे आभार. गंगावेसवाल्याचा निरोप वडिलांना वाचून दाखवला, त्यांनी दिलेलं उत्तर इथं लिहिता येत नाही.

काल रात्री जेवताना फौंड्रीवाल्यांचा बेत सांगितला. बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "लाइट गेली होती रे. दुसरा गोल मी बघितलाच न्हाई." आईचा घास हातातच राहिला, 40 वर्षं ती त्यांच्या बाजूनं भांडत आलीय. पुढं म्हणाले, "कुंपणाबाहेरनं तर कुंपणाबाहेरनं." कट्ट्यावर सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, आणि कट्ट्यावरचं कुणी हे वाचत नाही असं मी धरून चाललोय.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतलीय. आर्लिंग्टनच्या तिकिटाचे आकडे बघून बहीण आता फॅन फेस्टचा, म्हणजे बाहेर गर्दीत बघायचा पडदा म्हणायला लागलीय, तेही चालेल.

फौंड्रीवाले, ती त्लाकोयोवाली नेमकी कुठल्या स्टेशनबाहेर बसते? वडील म्हणतात बाकीचं नंतर, आधी ते विचार.