भारतीय खाणींतील संशोधन प्रत्यक्ष कामाच्या जागेपर्यंत पोहोचते का?

प्रश्न: भूस्तर

नमस्कार. मी खाणकाम अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून लवकरच प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. आपल्या देशात या क्षेत्रासाठी संस्थांची उणीव नाही. धनबादचे इंडियन स्कूल ऑफ माइन्स १९२६ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये त्याला आयआयटीचा दर्जा मिळाला; धनबादलाच १९५६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय खनन संशोधन केंद्र आज सिंफर या नावाने ओळखले जाते; कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था उभी राहिली. एवढे असूनही लाँगवॉलची (कोळशाची लांब भिंत सलग कापत नेण्याच्या पद्धतीची) यंत्रणा, कंटिन्युअस मायनर (भूमिगत खाणीत सुरुंग न लावता कोळसा सलग कापणारे यंत्र), उतारांवर नजर ठेवणारी रडार आणि खाण-नियोजनाची सॉफ्टवेअर यांपैकी बहुतेक गोष्टी आपण बाहेरूनच आणतो. मग भारतात खाण-संशोधन म्हणजे आणलेले यंत्र बसवणे आणि परवानगीसाठी लागणारा अहवाल तयार करणे एवढेच उरले आहे काय? प्रत्यक्ष खाणीत रुजलेली, इथेच घडलेली उदाहरणे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १: छत_आणि_आधार

आपला प्रश्न रास्त आहे, परंतु त्यात यंत्र आणि संशोधन या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत. यंत्र विकत घेता येते. ते ज्या खडकाखाली चालणार आहे त्या खडकाची माहिती कोणताही उत्पादक विकत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चुरचा. आजच्या छत्तीसगडमधील या कोळसा खाणीत लाँगवॉलचे आयात केलेले जलशक्तीचे आधार बसवले होते, आणि १९९० मध्ये छताचा अचानक आलेला भार सहन न होऊन ते निकामी झाले. कोळशाच्या थराच्या वर डोलेराइट या कठीण अग्निज खडकाचा जाड आणि अखंड थर होता. असा खडक कोळसा काढल्यानंतर हळूहळू कोसळत नाही. तो दीर्घकाळ लोंबकळत राहतो आणि मग मोठ्या क्षेत्रावर एकदम तुटतो, त्यामुळे आधारांवर येणारा भार स्थिर न राहता धक्क्याच्या स्वरूपात येतो. त्यानंतर १९९७ मध्ये पश्चिम बंगालमधील कोट्टाडीह येथेही लाँगवॉलच्या आधारांची अशीच दुर्दशा झाली. या दोन घटनांमुळे भारतात लाँगवॉलवरचा विश्वास इतका डळमळीत झाला की त्याची किंमत आपण अजूनही मोजत आहोत, असे माझे मत आहे. मात्र छत कधी आणि किती लांबीपर्यंत लोंबकळेल याचे भारतीय खडकांसाठीचे निकष विकसित करण्याची निकडही त्यातूनच निर्माण झाली. तेलंगणातील अड्रियाला येथे सिंगरेणी या कोळसा कंपनीने २०१४ मध्ये उच्च क्षमतेचे लाँगवॉल सुरू केले, ते या अनुभवाची शिदोरी हाताशी असताना.

याउलट, जे रुजले त्याचे उदाहरण अगदी साधे दिसणारे आहे. १९८० च्या दशकात धनबादच्या या दोन्ही संस्थांनी मिळून कोळसा खाणींच्या छतासाठी खडकाच्या गुणांकनाची पद्धत तयार केली. तिच्यात थरांची जाडी, भेगा व इतर रचनात्मक दोष, पाणी लागल्यावर खडक झिजण्याची प्रवृत्ती, दाब सहन करण्याची ताकद आणि भूजल या पाच घटकांना अनुक्रमे ३०, २५, २०, १५ आणि १० असे गुण आहेत. ताकदीला केवळ १५ आणि थरांच्या जाडीला ३० गुण का, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. पण आपल्याकडील छते बहुधा चिरडून नव्हे, तर पातळ थर एकमेकांपासून सुटून पडतात, हे त्याचे उत्तर आहे. या गुणांकावरून, गॅलरीची (खाणीतील बोगद्यासारख्या वाटेची) रुंदी आणि खडकाची घनता विचारात घेऊन, छताचा भार काढता येतो आणि त्यानुसार रूफ बोल्टची, म्हणजे छताचे थर एकत्र बांधून धरणाऱ्या दांड्यांची, संख्या ठरते. लाकडी टेकूंच्या जागी पोलादी बोल्ट येण्यामागे या पद्धतीचा मोठा वाटा आहे, आणि आजही आधार-योजनेची आखणी तिच्याशिवाय सुरू होत नाही. तिचे कोठे उद्घाटन झाले नाही, म्हणून ती कदाचित नवोन्मेष म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

उत्तर २: ओबी_डंप

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र चर्चा केवळ भूमिगत खाणींपुरती राहू नये. भारतातील कोळशाचा फार मोठा हिस्सा उघड्या खाणींतून येतो आणि तिथला बदल बराच वेगळ्या वाटेने झाला. ओडिशात महानदी कोलफील्ड्सच्या खाणींत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सरफेस मायनर वापरात आले. या यंत्राचे फिरते दातेरी पिंप कोळसा थेट कापते, त्यामुळे छिद्रे पाडणे, सुरुंग लावणे आणि नंतर कोळसा फोडणे हे टप्पे वगळता येतात; शिवाय खडकाचा पातळ पट्टा वेगळा काढता येत असल्याने कोळशाची प्रत सुधारते. यंत्र परदेशी वंशाचे आहे हे खरे, पण ते मूळचे बरेचसे चुनखडीसारख्या खडकांवर चालत असे. कोळशासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर ते वापरण्याचा अनुभव भारताने कमावला.

दुसरे उदाहरण विदर्भातले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या उजाड ढिगांवर साखर कारखान्यातील मळी (प्रेसमड), मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून झाडे वाढवून दाखवली. वेस्टर्न कोलफील्ड्सने तर भानेगाव आणि गोंडेगाव येथे कोळशावरील आवरणाच्या, म्हणजे कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी काढून ढीग घातलेल्या, मातीमिश्रित थरातून धुऊन वाळू वेगळी काढण्यास सुरुवात केली. ज्या ढिगांसाठी जमीन विकत घ्यावी लागते, त्यांतूनच नदीतल्या वाळूचा पर्याय मिळतो, ही कल्पना मला कोणत्याही स्वयंचलित डंपरपेक्षा मोलाची वाटते.

अहवालांबाबतची आपली शंका मात्र निराधार नाही. कोळसा खाण विनियम, २०१७ नुसार अनेक कामांसाठी शास्त्रीय अभ्यास बंधनकारक आहे आणि तो योग्यच आहे; कारण झारखंडमधील राजमहल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये ढिगारा घसरून २३ जणांचा बळी गेला. परंतु संशोधकांचा वेळ अशा अभ्यासांत आणि वीज केंद्रांना जाणाऱ्या कोळशाचे नमुने तपासण्यात खर्ची पडू लागला, की पुढच्या पिढीचे गुणांकन तयार करणारे हात कमी पडतात.

भूस्तर

दोघांचेही आभार. चुरचाचा उल्लेख आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो, त्यामागचे कारण आज समजले. आता लिथियमसारख्या महत्त्वपूर्ण खनिजांकडे (क्रिटिकल मिनरल्स) वळावे की खडकयांत्रिकीतच राहावे, याबाबत मत मिळाल्यास बरे होईल. विभागात सर्वांचा ओढा पहिल्याकडे आहे.

उत्तर ३: खनिज_प्रक्रिया

ओढा समजण्यासारखा आहे, कारण निधी तिकडे आहे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. त्याअंतर्गत मान्यता मिळालेल्या उत्कृष्टता केंद्रांत आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी धनबाद यांचा समावेश आहे, आणि तंत्र प्रयोगशाळेत न थांबता प्रायोगिक प्रकल्पापर्यंत नेणे ही त्यांच्याकडून अपेक्षा आहे. ही अट मला अभियानाच्या रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते.

तरीही विषय निवडताना खनिजाचे नाव पाहू नका, तर नमुना कोठून मिळणार ते पाहा. लिथियमवर प्रबंध लिहायचा आणि खनिज परदेशातून मागवायचे, याला फारसा अर्थ नाही. त्याऐवजी ॲल्युमिना कारखान्यांच्या लाल चिखलातून (बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळातून) गॅलियम व स्कँडियम हे धातू मिळवणे, किंवा ४५ टक्क्यांच्या आसपास लोह असलेल्या हेमटाइट या लोहखनिजाचे आणि त्याच्या धुवणीतून निघणाऱ्या बारीक गाळाचे समृद्धीकरण (त्यातील लोहाचे प्रमाण वाढवणे), असे विषय घेतल्यास कच्चा माल देशातच टनांनी पडून आहे. लाल चिखलावर काम करायचे असेल तर नागपूरच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्राशी आपल्या मार्गदर्शकांमार्फत आधी पत्रव्यवहार करा. आणि मन खडकयांत्रिकीतच असेल तर छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढण्याच्या कामात कंटिन्युअस मायनरच्या वेगाला साजेशी आधार-योजना हा विषय घ्या. २००२ मध्ये हे यंत्र प्रथम भारतात आले तेव्हापासून आधार बसवण्याचा वेग कापणीच्या वेगाशी जुळवणे ही अडचण कायम आहे, आणि त्यासाठी लागणारी मोजमापे खाणीतच मिळतात.