तूरडाळीच्या पाकिटावर ‘बालू’ फॉन्ट वापरावा का?

प्रश्न (पांढरकवडा, जि. यवतमाळ)
आमच्या महिला बचत गटाला तूरडाळ आणि जवसाची चटणी यांच्या पाकिटांसाठी नवे लेबल करायचे आहे. ‘बालू 2’ या फॉन्टची जाड, गोल टोकांची अक्षरे आपुलकीची वाटतात, म्हणून तो सर्वांना पसंत पडला आहे. परंतु वजन, घटक आणि पत्ताही त्यातच बसवावा का? माल आदिलाबादच्या बाजारातही जातो, तेव्हा तेलुगू नावासाठी कोणता फॉन्ट घ्यावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुसद, छपाई व्यवसाय)
ताई, नावासाठी बालू अवश्य घ्यावा, बारीक मजकुरासाठी मात्र घेऊ नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने तो मोठ्या आकाराच्या अक्षरांसाठी घडवला आहे, आणि ज्या जाडीमुळे तो गोड दिसतो तीच जाडी लहान आकारात आड येते. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या पोटातील मोकळी जागा मुळातच थोडी असते. प्लॅस्टिकवर शाई जराशी पसरली तरी ती बुजते आणि ‘घ’ कोणता, ‘ध’ कोणता हे कळेनासे होते. शिवाय देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे, जाड अक्षरांच्या दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला भिडतो. म्हणून ‘तूरडाळ’ हे नाव एक्स्ट्राबोल्डमध्ये, म्हणजे बालूच्या सर्वांत जाड प्रकारात, एकाच ओळीत, भोवती भरपूर जागा सोडून घ्यावे. वजन, घटक, परवाना क्रमांक व पत्ता यांसाठी ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ फॉन्ट घ्यावा. तो वाचनाच्या मजकुरासाठीच केलेला आहे. तेलुगू नावासाठी ‘बालू तम्मुडू 2’ आहे, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच घरातल्या दिसतील. हे सर्व फॉन्ट मोफत असून व्यापारी वापराला परवानगी आहे.

उत्तर (अकोला, डीटीपी)
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर बालू लावताच तो वाचता येणार नाही. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणावा लागेल. कोरलड्रॉ या लेबल आखण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे तुटतात, म्हणून कर्व्ह करण्यापूर्वी, म्हणजे अक्षरांचे चित्राकृतीत रूपांतर करण्यापूर्वी, प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. लेबलवर ‘वऱ्हाडी चटणी’ लिहिणार असाल तर त्यातील ‘ऱ्ह’ आवर्जून पाहावा, कारण आपल्या भागात हमखास लागणारे हे अक्षर छपाईत अनेकदा बिघडते.

उत्तर (गोंदिया, शिक्षक)
बालवाडीच्या भिंती, वाचनालयाची पाटी, खाऊची पाकिटे यांवर हे वळण शोभते. श्रद्धांजलीच्या फलकावर किंवा ग्रामपंचायतीच्या जाहीर सूचनेवर मात्र ते वापरू नये. तेथील गांभीर्याला त्याचा हसरेपणा मारक ठरतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘जवसाची चटणी’ हे नाव अरुंद पाकिटावर एका ओळीत मावत नाही. ते दोन ओळींत घेतले तर चालेल का?

उत्तर (पुसद, छपाई व्यवसाय)
चालेल. ‘जवसाची’ हा शब्द मिडियम जाडीत लहान आणि ‘चटणी’ एक्स्ट्राबोल्डमध्ये मोठा घ्यावा, आणि ‘णी’ची वेलांटी वरच्या ओळीला टेकणार नाही इतके अंतर ठेवावे. एक पाकीट छापून हाती घेतल्याशिवाय पुढची छपाई सुरू करू नये.