अनुभव धागा : पाठीवर बिऱ्हाड, हातात कुदळ

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रानवाटा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तुडवल्या आहेत. या वाटा स्वयंसेवकांच्या हातांवर टिकून आहेत. अ‍ॅपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची. वेगवेगळ्या क्लबांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत आणि प्रत्येक जण आपला तुकडा सांभाळतो. ज्यांनी रानात मुक्काम ठोकून अशी डागडुजी केली आहे, त्यांनी इथे जरूर लिहा. काम कोणतं होतं, कसं केलं, अंगाला किती झेपलं, सगळं. सुरुवात मी करते.

माझ्या वाट्याला पाणी आलं. पाय माती मोकळी करतात आणि पाणी ती घेऊन जातं. चालून चालून वाटेचा मधला भाग खोलगट होतो, दरीकडची कड उंच राहते, आणि मोठा पाऊस झाला की वाटेचाच ओढा होतो. आम्ही ती कड फोडून वाटेला बाहेरच्या बाजूला कल देत होतो, शंभराला पाच इतकाच. चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला पुरतो. जिथे पुरत नाही तिथे वाटेवर तिरका दगडी बांध घालायचा. जुन्या बांधांमागे गाळ साचतो, तो दर वर्षी उपसावाच लागतो. एके दुपारी काम चालू असतानाच सर आली आणि आम्ही नुकत्याच काढलेल्या चरातून पाणी सरळ खाली निघून गेलं. सगळी टोळी भिजत उभी राहून ते बघत होती. त्या दिवशीचा आनंद मला अजून पुरतोय.

*

माझा अनुभव करवतीचा. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानुसार राखलेल्या रानात स्वयंसेवकांना इंजिनाची करवत वापरता येत नाही, सायकलही नेता येत नाही. त्यामुळे वादळात आडवे झालेले झाडांचे बुंधे दोन माणसांच्या लांब करवतीनं कापायचे. त्यासाठी आधी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं आणि ते योग्यच आहे.

करवत फक्त आपल्याकडे ओढायची. समोरच्याकडे ढकलायची नाही, ढकललं की पातं वाकतं. तुमचा हात सैल पडला की समोरच्याची ओढ सुरू. हे जमलं की बोलावंच लागत नाही. धार चांगली असेल तर भुशाऐवजी शेवयांसारख्या लांब सळ्या निघतात. त्यांच्याकडे बघूनच धार कळते.

पण कापण्याआधी बुंधा वाचायला लागतो. दोन्ही टोकांना टेकलेला बुंधा वरून कापत गेलं की चीर मिटत जाते आणि करवत अडकते, म्हणून मागून पाचर ठोकायची. एकच टोक टेकलं असेल तर ताण उलटा. उतारावर असेल तर कापलेला तुकडा कुठे गडगडेल, हे आधी ठरवायचं आणि खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. आमच्या प्रमुख बाईंनी एका बुंध्याभोवती नुसत्या फेऱ्या मारण्यात बराच वेळ घालवला होता. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

बाकी वेळ पुलास्की. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला वाकसासारखं आडवं पातं. मुळं तोडायची आणि त्याच अवजारानं माती ओढायची. ज्यांचं नाव याला आहे, त्या वनरक्षक एड पुलास्कींनी १९१० च्या आयडाहोतल्या भीषण वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं होतं. हे आम्हाला शेकोटीपाशी सांगितलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते अवजार सगळ्यांनीच जरा जपून पुसून ठेवलं.

*

दगडी पायऱ्या. दिवसभरात दोन-तीन बसल्या तरी टोळी खूश असते. दगडाचा मोठा भाग जमिनीत गाडायचा, वर दिसतो तो थोडाच. पहारेनं हलवायचा, खालच्या पोकळ्या खडीनं ठासायच्या, मग वर उभं राहून नाचून बघायचं. डुगडुगला तर पुन्हा काढायचा. आणि बोटं कधीही दगडाखाली घालायची नाहीत, पहार असताना तर नाहीच.

*

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या कुरणांबद्दल लिहिते. ओल्या कुरणातून वाट गेली की चिखल होतो, मग लोक शेजारून चालतात आणि तिथे दुसरी चाकोरी पडते, मग तिसरी. प्रत्येक चाकोरी पाणी ओढून नेते आणि कुरण हळूहळू सुकतं. आम्ही चाकोऱ्या भरल्या आणि वाट कडेच्या कोरड्या जमिनीवर नेली. जुन्या वाटेच्या तोंडाशी वाळक्या फांद्या अर्ध्या गाडून उभ्या केल्या, म्हणजे तिथे कधी वाट होती हे डोळ्यांना दिसू नये. नागमोडी वळणं तोडून काढलेले शॉर्टकटही असेच बुजवतात. कृपा करून चिखल असला तरी मधूनच चाला, बूट धुता येतात.

*

ताई, माझे गुडघे आता कुरकुरतात. पहार-घण जमणार नाही. मला येता येईल का?

*

दादा, अगदी येता येईल. मोठी कात्री घेऊन झुडपं छाटायला माणसं कायम कमी पडतात. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर साधारण सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच इतकी मोकळी जागा राखायची असते, आणि रान काही थांबत नाही. झाडांवरचे पांढरे पट्टे नव्यानं रंगवायचेही असतात. फक्त नाव देण्याआधी प्रमुखाला विचारा : अवजारं आणि शिधा खेचरं नेणार की आपण? तळ एकाच जागी की रोज हलणार? अस्वलांपासून अन्न राखायचा डबा ते देतात का? हेल्मेट सहसा मिळतं, पण हातमोजे तुमच्या मापाचे, आधी वापरून मऊ झालेले न्या.