फॉरमॅट करण्याआधी थांबा
कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड उघडेना, की 'कार्ड फॉरमॅट मागतंय तर करून टाका' असं काहीजण सुचवतात. कृपया नको! २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले माझे फोटो तसंच करून गेले, अजून हळहळ वाटते. डेटा चिपवर नेमका कुठे ठेवलाय, याचा नकाशा कार्डातल्या कंट्रोलरचं (कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोसेसरचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, सांभाळतं. त्यात दोष असला आणि नकाशा बिघडला, की फोटो चिपवर असूनही कार्ड रिकामं किंवा भलत्याच क्षमतेचं दिसू शकतं. अशा कार्डावर काहीही लिहू (सेव्ह करू) नका. वाचता येत असेल तर डीडीरेस्क्यू (ddrescue) या प्रोग्रॅमने इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत, घ्या, रिकव्हरी त्या इमेजवरच करा. नवं कार्ड एफ३ (F3) या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्हींत फोटो एकदम लिहा, पण कार्डं वेगवेगळ्या मॉडेलची घ्या. एकच दोष दोन्हींत नको.