मदत हवी आहे: खोली एक, मुलं दोन, अर्धवट कामं ठेवायची कुठे?

सुट्टी लागल्यापासून मुलांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मोठी ९ वर्षांची, धाकटा २ वर्षांचा. खेळण्यांचं बऱ्यापैकी मार्गी लागलंय: बिनझाकणाचे उथळ डबे, त्यांवर चित्रं चिकटवलेली, निम्मी खेळणी माळ्यावर आणि अधूनमधून अदलाबदल. धाकटासुद्धा आता गाड्या गाड्यांच्याच डब्यात टाकतो (मूड असेल तर).

घोडं अडलंय मोठीच्या अर्धवट कामांपाशी. ब्लॉक्सचा पूल, मण्यांची माळ, ओलं चित्र... हे सगळं दोन-तीन दिवस जसंच्या तसं राहायला हवं. शिवाय मणी धाकट्याला दिसले की थेट तोंडात. टेबलावर ठेवून पाहिलं, तर तो खुर्ची ओढून चढतो. पलंगाखाली ट्रे सरकवला, पण पूल उंचीला बसेना आणि मोठी रुसली ती वेगळीच.

घर भाड्याचं, भिंतीत ड्रिल करता येणार नाही. म्हणून उंच रॅकही नको. भिंतीला न बांधलेला रॅक मूल लोंबकळलं की कलंडतो. खोली बंद ठेवणंही शक्य नाही, दोघं दिवसभर तिथेच असतात.

मोठीला आपलं आपण काढता-ठेवता येईल, पण धाकट्याचा हात पोचणार नाही, अशी सोय कुणी केली आहे का? कशी?